पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायची आहे, बजेट कमी – रानडुकरांसाठी कोणती बरी?

कारंजा_कास्तकार

नमस्कार मंडळी.

वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे तालुक्यात आमचं वावर आहे, बोरच्या जंगलाला लागूनच. कपाशीत तूर, नाल्याकडच्या पट्ट्यात चणा, विहिरीपाशी संत्र्याची झाडं. जंगल जवळ म्हटल्यावर जनावरं येणारच, हे लहानपणापासून अंगवळणी पडलंय. पण आता डुकरांचा जो ताप आहे तो वेगळाच. चण्याचे घाटे भरायला लागले की कळप उतरतो. खातात कमी, तुडवतात जास्त. भुईमूग तर आमच्या शिवारात लोकांनी लावणंच सोडून दिलं.

मी आणि सालगडी आलटून पालटून मचाणावर जागल करतो. फटाके, डबे, टॉर्च, धुऱ्यावर म्हणजे बांधावर जुन्या साड्या, सगळं करून झालं. आठ-पंधरा दिवस फरक पडतो, मग फटाका फुटला की डुक्कर नुसतं मान वर करतं आणि परत खायला लागतं.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ पाहिले. त्यांच्याकडे सेमी-ऑटोमॅटिक रायफली आहेत. घोडा दाबला की गोळी, परत दाबला की परत गोळी, मधे बोल्ट मागेपुढे करायचं काम नाही. पळत्या कळपातली तीन-चार जनावरं पडतात. मला वाटतं आपल्यालाही तेच पाहिजे. एक गोळी उडवली आणि कळप शेजारच्या वावरात गेला, तर उपयोग काय? पहाटे परत येतोच.

बंदूक आजवर घेतलेली नाही, ही पहिलीच. परवानाही अजून काढायचा आहे. बजेट साठ-सत्तर हजार, ओढून-ताणून ऐंशी. ३१५ बोअरबद्दल (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) ऐकलंय, २२ बोअर स्वस्त पडते असंही कोणी म्हणतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये आपल्याकडे कोणती मिळते आणि टिकाऊ कोणती, जाणकारांनी सांगावं.

रानवाट

भाऊ, आधी कायद्याचं सांगतो, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. सेमी-ऑटोमॅटिक रायफल आपल्या देशात सामान्य नागरिकाला मिळत नाही. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत ती प्रतिबंधित गटात बसते. हा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातला नाही, विषय केंद्रीय गृहखात्याकडे जातो, आणि पीक वाचवायचंय या कारणासाठी तो मिळत नाही. ३०३ आणि ७.६२ बोअरच्या बोल्टवाल्या रायफलीही त्याच गटात येतात, कारण त्यांत लष्कराची काडतुसं बसतात. ३१५ बोअर आपल्याकडे एवढी रुळली त्याचं कारणही हेच, तिच्यात लष्करी काडतूस चालत नाही.

प्रतिबंधित शस्त्र घरात सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा ७ वर्षं आहे, जास्तीत जास्त १४. डुकरापायी ही जोखीम कोणी घेऊ नये.

पिकाच्या रक्षणासाठी कायदा काय देतो तेही बघा. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३. त्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे आपल्याकडे भरमार म्हणतात तिचा, स्पष्ट उल्लेख आहे. भरमार पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे बारा बोअर. नळी २० इंचांपेक्षा कमी नसावी. रायफलीसाठी वेगळं आणि सबळ कारण दाखवावं लागतं, अर्ज अडकतो तो तिथंच.

तेव्हा सेमी-ऑटोमॅटिक डोक्यातून काढा आणि बारा बोअर धरून पुढं विचार करा. बजेटही त्यातच बसतं.

वावरातला_गडी

रानवाट भाऊ, कायदा बराबर हाये तुमचा, पन कास्तकारानं करावं काय? आमच्याकडं गेल्या हंगामात तुरीचं निम्मं वावर डुकरायनं लोळवलं. अर्ज केला, पंचनाम्याले मानूस आला तवा तूर कापून झाली होती. त्यो म्हने, नुसकान दिसत नाई. आता कापनी थांबवून ठेवतो का कोनी? मंग मानूस बंदुकीचा इचार करनार नाई तं काय करनार. मले तं वाटते सरकारनंच कास्तकाराले चांगली बंदूक द्याले पायजे.

रानवाट

तुमचा राग खोटा नाही. पंचनाम्याबद्दल एक सांगतो. नुकसान दिसलं त्याच दिवशी मोबाइलवर तारीख-वेळ येईल असे फोटो काढा, त्यात गट नंबरची खूण, विहीर किंवा एखादं ओळखीचं झाड दिसू द्या. अर्जाची पोच घ्या. खुरांचे ठसे आणि उकरलेली माती जवळून टिपा. हे हातात असलं तर कापणीनंतरही बोलता येतं.

पण बंदूक आणि शिकार या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हे इथं वाचणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. बंदुकीचा परवाना आहे म्हणजे डुक्कर मारायची मोकळीक आहे असं नाही. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या संरक्षणात आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत. उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायची लेखी परवानगी कलम ११ खाली मिळते. आपल्या राज्यात २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) या दोघांसाठी तसा शासन निर्णय निघालेला आहे. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्यायचा. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं, वनविभागाला कळवायचं आणि विल्हेवाट त्यांच्यासमोर लावायची. मटण वाटून घेतलं की पीकसंरक्षणाची शिकार होते आणि गुन्हा अंगावर येतो.

केरळात २०२२ पासून डुकरांपुरता हा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत खाली आणला आहे. आपल्याकडेही तसं व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे, पण आज तसं नाही.

टेक्सासचा_वऱ्हाडी

मूळ अकोल्याचा, बरीच वर्षं टेक्सासात आहे. ते व्हिडिओ आमच्याच भागातले असतात, म्हणून लिहितोय.

इथं रानडुक्कर बाहेरून आलेलं जनावर आहे. त्याला वन्यजीव म्हणून काही संरक्षण नाही. २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीनं डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. रायफल दुकानातून घेताना एक फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि रायफल हातात. या देशातल्या सगळ्याच राज्यांत इतकं मोकळं नाही हेही खरं.

कमी पैशात पहिली सेमी-ऑटोमॅटिक म्हणून इथं नवखा माणूस बहुतेक वेळा रुगर १०/२२ घेतो. १९६४ पासून बाजारात आहे, २२ बोअरची, दहा काडतुसांचं फिरकीचं मॅगझिन, धक्का जवळपास नाही, काडतूस स्वस्त. नेमबाजी शिकायला उत्तम. पण डुकरासाठी कोणी ती नेत नाही, आणि नेऊही नये. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड कातडीची ढाल असते, २२ ची गोळी त्याला नुसतं जखमी करते. डुकरासाठी लोक एआर-१५ ही जास्त ताकदीची सेमी-ऑटोमॅटिक घेतात, किंवा त्याहून मोठ्या बोअरची. आणि खर्च रायफलीपाशी थांबत नाही. रात्री दिसणारी थर्मल दुर्बीण पुष्कळदा रायफलीपेक्षा महाग असते. शिवाय सरावाची काडतुसं, कान झाकायचं साधन, तिजोरी. बजेट ठरवताना माझे इथले मित्र सांगतात, रायफलीवर निम्मेच घाला.

व्हिडिओत दिसत नाही ती गोष्ट मात्र मोठी आहे. ती रानं शेकडो एकरांची, एका मालकाची, तारेचं कुंपण घातलेली. रात्री तिथं माणूस नसतो. माझ्या काकांच्या अकोटकडच्या शिवारात रात्री उभं राहिलं तर चारही बाजूंना बॅटऱ्या लुकलुकताना दिसतात. प्रत्येक बॅटरीमागं एक माणूस जागलीला बसलेला असतो. तिथं पळत्या कळपामागं नळी फिरवत पाच गोळ्या सोडायच्या म्हणजे पाचवी कुठं गेली ते कोणालाच सांगता येणार नाही.

कारंजा_कास्तकार

हे बॅटऱ्यांचं मात्र पटलं. आमच्या उत्तरेच्या धुऱ्यापलीकडे चुलतभावाचं मचाण आहे, आणि डुकरं पळतात ती त्याच दिशेनं. रात्री त्याची बायकोही कधी कधी डबा घेऊन येते. हा विचार मी केलाच नव्हता.

मग ३१५ बोल्टवाली घेतली तर? एकावेळी एकच गोळी जाते.

दुनाळी

राळेगावकडचा आहे. वडिलांच्या वेळेपासून घरात बारा बोअर दुनाळी आहे, आता परवाना माझ्या नावावर. ३१५ चुलत्याकडे होती, तीही चालवून पाहिली आहे. दोन्हींतला फरक सांगतो.

३१५ ची गोळी जाड आणि जड, २४४ ग्रेनची. डुकराला बसली तर आरपार जाते आणि पुढं जात राहते. चुकली तर सपाट रानात किती दूर जाईल याचा भरवसा नाही. काळ्या मातीच्या सपाट वावरात गोळीला अडवायला काय असतं? कपाशीचं झाड? डोंगराळ भागात समोर टेकडी असते, गोळी मातीत जाते. आपल्या पठारावर तसं नाही. मचाणावरून खाली मारलं तर गोळी जमिनीत जाते, पण डुक्कर ऐंशी-शंभर पावलांवर असलं की कोन इतका कमी होतो की दगडाला लागून ती उसळू शकते. २२ बोअरची गोळीही दीड-एक किलोमीटरपर्यंत जाऊन इजा करू शकते, एवढीशी म्हणून कोणी हलकी समजू नये.

बारा बोअरमध्ये एलजी, म्हणजे मोठा छर्रा, घातला की तीस-पस्तीस मीटरपर्यंत डुकरासाठी पुरे होतो. त्यापुढं छर्रे पांगतात आणि जोर झपाट्यानं उतरतो. चाळीस-पन्नास मीटरवर मी घोडा दाबतच नाही. लोक याला बारा बोअरचा दोष म्हणतात, मला तो गुण वाटतो. रायफलीच्या गोळीइतका छर्रा दूर जात नाही. तरीही त्या दिशेनं नळी न्यायचीच नाही, छर्रासुद्धा डोळा घेतो.

आणि दुसऱ्या गोळीबद्दल. दुनाळीला दोन घोडे असतात. पुढचा दाबला की उजवी नळी, मागचा दाबला की डावी. मधे काही ओढायचं नाही, खटका नाही, काही अडकायचं नाही. सेमी-ऑटोमॅटिकला गॅसच्या किंवा धक्क्याच्या जोरावर रिकामं काडतूस फेकायचं असतं, नवं आत ओढायचं असतं. धूळ, दमट काडतूस, तेल कमी, काहीही झालं की मधेच अडकते, आणि अडकली की भरलेली बंदूक हातात घेऊन अंधारात खटपट करावी लागते. दुनाळी मोडली, म्हणजे कमरेतून उघडली, की दोन्ही नळ्यांत काय आहे ते बोटानं चाचपता येतं. मचाणावर चढता-उतरताना मी ती उघडीच धरतो. पहिल्या बंदुकीला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

वावरातला_गडी

दुनाळी भाऊ, एका बारनं कळप जाते का मंग? आमच्याकडं तं दुसऱ्या दिवशी परत येते.

दुनाळी

नुसत्या बारानं जात नाही, खरं आहे. पण एक मोठी मादी पडली तर त्या धुऱ्यानं कळप बरेच दिवस फिरकत नाही, एवढं पाहिलं आहे. परवानगी हातात असेल तेव्हाच.

मिर्ची_वाली_ताई

भिवापूरकडची. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आमच्या उशाला आहे. बंदुकीवर बरंच वाचलं, पण कारंजाच्या भाऊंच्या हातात सत्तर हजार आहेत तर त्यातले आधी कुंपणावर घाला असं मी सांगेन.

सौर कुंपण म्हणजे शेतात थेट लाइन सोडणं नव्हे. ते दोन्ही एकच समजून लोकांनी माणसं मारली आहेत, वाघही मारले आहेत. आकडा टाकून तारेत सोडलेली लाइन सतत वाहते, हात चिकटला की सुटत नाही. सौर कुंपणाच्या मशीनमधून बारा व्होल्टच्या बॅटरीवर क्षणभराचा झटका जातो, साधारण सेकंदाला एक. झटका जोराचा बसतो, पण जनावर किंवा माणूस सुटून मागं जातो.

आमच्याकडे बसवताना आलेल्या माणसानं तारा रोह्याच्या हिशेबानं लावल्या, सगळ्यात खालची तार गुडघ्याच्या वर. डुकरं पहिल्याच आठवड्यात खालून आली. डुक्कर सहसा उडी मारत नाही, ते नाक जमिनीला लावून ढकलतं. खालची तार वीतभर उंचीवर पाहिजे, आणि तिच्यावर दुसरी तेवढ्याच अंतरानं. झटका ओल्या नाकाला बसला पाहिजे, पाठीच्या राठ केसांना बसला तर त्याला काहीच वाटत नाही. आणि खालची तार इतकी खाली म्हटल्यावर गवत लागतंच. गवत तारेला टेकलं की झटक्याचा जोर मातीत उतरतो. पावसाळ्यात दर आठवड्याला मी स्वतः विळा घेऊन धुऱ्यावरून फिरते. ते केलं नाही तर मशीन टकटक करत राहतं आणि डुक्कर आरामात आत येतं.

व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून वैयक्तिक सौर कुंपणाला ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, वर मर्यादा ठरलेली असते. बोर व्याघ्र प्रकल्पाजवळचं गाव असेल तर भाऊंनी आपलं नाव यादीत आहे का ते गावच्या परिस्थितिकीय विकास समितीत विचारावं.

कारंजा_कास्तकार

ताई, यादीत आमचं गाव आहे, समितीही आहे. अनुदान माहीत होतं, पण आमच्याकडे दोघांनी बसवलेलं कुंपण चाललं नाही म्हणून मी सोडून दिलं होतं. आज सकाळी जाऊन त्यांची खालची तार पाहिली. मांडीएवढी उंच आहे, आणि खाली गवत माजलंय.

सात_बाराचा_धनी

कुंपणाच्या आतून करडईच्या दोन-तीन ओळी पण घाला. काटा धरला की डुक्कर तोंड घालत नाही. चण्याच्या हंगामात करडई जोडीनंच येते, वेगळा खर्च नाही, वर बी विकलं जातं.

बाकी बंदुकीबाबत, नवीनच का घेता? मध्य प्रदेशच्या हद्दीकडं गेलं तर निम्म्या पैशात

संपादक

वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. विनापरवाना शस्त्र कुठं मिळतं, कोण बनवतं, किती पडतं, यातलं काहीही या धाग्यावर चालणार नाही. गावठी बॉम्ब आणि तारेत लाइन सोडणं यांनाही तोच नियम. करडईची माहिती उपयोगाची आहे म्हणून ठेवली.

आर्वीकर

थोडं वेगळं विचारतो. माझी पुतणी नववीत आहे, नेमबाजी शिकायची म्हणते. स्वप्नील कुसाळेचं पदक पाहिल्यापासून मागंच लागली आहे. तिच्यासाठी पहिली रायफल कोणती? गावात राहतो, बजेट आमचंही बेताचंच.

रानवाट

तिच्यासाठी एअर रायफल, ४.५ मिलिमीटर बोअरची, म्हणजे १७७. नळीतून निघताना छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा कमी आणि बोअर १७७ पर्यंत असेल तर शस्त्र परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद ठेवतो. त्याहून ताकदीची असेल तर परवाना आलाच. आणि ती घेऊन कोणी ससे, मोर मारायला निघालं तर वन्यजीव कायदा लागतोच, बंदूक हवेची आहे म्हणून सूट नाही.

पहिलं वर्ष रायफल विकत घेऊच नका. जिल्ह्याच्या रायफल संघटनेत किंवा क्लबात जा आणि तिथली वापरू द्या. दहा मीटरच्या स्पर्धेतल्या रायफली महाग असतात आणि मुलीचं माप वाढत्या वयात बदलत जातं. बट लहान पडतो, गालाची पट्टी जुळत नाही. ओपन साइटच्या, म्हणजे साध्या उघड्या नेमकाट्याच्या, स्पर्धाही होतात, सुरुवात तिथून स्वस्तात होते. दहा मीटरवर दहाच्या गुणाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिला रोज अर्धा तास रिकामी रायफल खांद्याला लावून स्थिर उभं राहता येतंय का ते बघा, पैसा त्यानंतर.

कुसाळेचं पॅरिसचं २०२४ चं कांस्य ५० मीटर थ्री पोझिशनमधलं आहे, ती २२ बोअरची रायफल, एका वेळी एक काडतूस. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली तीही ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून. जगातली सगळ्यात अचूक नेमबाजी एक-एक गोळी भरूनच होते.

टेक्सासचा_वऱ्हाडी

ऑस्ट्रेलियाचंही सांगतो, कारण तिथंही डुकरांचा उच्छाद आहे आणि शेतकरी तिथंही हैराण आहेत. १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर त्यांनी सेमी-ऑटोमॅटिक रायफली सामान्य माणसाकडून काढून घेतल्या. शेतकऱ्याला शेतीचं कारण दाखवून दहा काडतुसांपर्यंतची २२ बोअर मिळू शकते, मोठ्या बोअरची सेमी-ऑटोमॅटिक फक्त ठरावीक व्यावसायिकांना. बाकी बहुतेक बोल्टवाल्या रायफलींवर शेती राखतात. तेव्हा सेमी-ऑटोमॅटिक नाही म्हणून शेती राखता येत नाही, असं काही नाही.

कारंजा_कास्तकार

सगळ्यांचं वाचलं, घरी चर्चाही झाली. आई म्हणाली, तुझ्या आजोबांची दुनाळी आहे ना. ते गेल्यावर बाबांनी ती पोलीस ठाण्यात जमा केली होती आणि मग कोणी पाठपुरावा केलाच नाही. पावती आईनं पेटीत जपून ठेवली आहे, आजोबांचं परवान्याचं पुस्तकही आहे. ती मला मिळू शकते का? की आता ती सरकारजमा झाली असेल?

दुनाळी

पहिलं काम म्हणजे पावती घेऊन ठाण्यात जा आणि बंदूक मालखान्यात आहे का ते विचारा. जुन्या नोंदी असतात, वेळ लागतो, पण शोधतात.

असेल तर तुमच्यासारखा नशीबवान कोणी नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाला परवाना देण्याची सोय आहे. परवानाधारक वारला असेल तर वारसाला, आणि जिवंत असून सत्तरी गाठली असेल किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं असेल तरी घरातल्या पात्र माणसाच्या नावावर करता येतं. बाकीच्या वारसांचं ना-हरकत लागेल, म्हणजे बाबा, आत्या, काका सगळ्यांचं. तिथं घरातले वाद असतील तर आधी मिटवा.

अर्ज ए-१ नमुन्यात, ऑनलाइन भरता येतो. सोबत सात-बारा, आठ-अ, ओळखपत्रं, फोटो, आजोबांचा मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, जुना परवाना. सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, एस-१ नमुन्यातलं. घरी बंदूक कुलपात ठेवायची सोय आहे याची हमी द्यावी लागते, त्यासाठी भिंतीला बोल्टनं घट्ट बसवलेली लोखंडी पेटी आधीच करून घ्या. मग पोलिसांचा अहवाल जातो. वर्ध्याला जिल्हाधिकारी परवाना देतात, आयुक्तालयाच्या शहरांत पोलीस आयुक्त. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षं. अर्जात कारण लिहिताना पिकाचं नुकसान, वनविभागाकडचे अर्ज, पंचनामे सगळं जोडा. नुसतं आत्मसंरक्षण लिहिलं तर तुमच्या केसला जोर राहत नाही.

बंदूक हातात आली की बार काढायच्या आधी ती बघून घ्या. परवानाधारक बंदूक दुकानदाराकडे न्या, पण स्वतःही बघा. बट धरून नळ्या हलवा. सांध्यात खटखट जाणवली तर बिजागरी सैल आहे, ती चालवायची नाही. उघडून नळीतून उजेडाकडे बघा, आतली भिंत आरशासारखी गोल कड्यांत चमकली पाहिजे. काळे खड्डे दिसले तर गंजानं खाल्लेली आहे. मालखान्यात वर्षानुवर्षं बिनतेलाची पडून राहिलेली बंदूक बाहेरून चांगली आणि आतून कुजलेली असू शकते. नळीवर बाहेरून बोट फिरवा, कुठं पोचा लागला तर तिथं दाब वाढतो. दोन्ही घोडे रिकाम्या काडतुसावर आपटून बघा, टोपीवर खूण मधोमध आणि खोल यायला हवी. लाकडाला ग्रिपपाशी चीर आहे का, आणि नंबर परवान्यातल्या नंबराशी जुळतो का. जुळत नसेल तर तिथंच थांबा.

काडतुसं खडकीची शक्तिमान घ्या, ताजी. आजोबांच्या पेटीतली जुनी सापडली तर ती चालवू नका, ठाण्यात जमा करा.

सात_बाराचा_धनी

आणि समजा मालखान्यातली खराब निघाली, तर दुसऱ्या परवानाधारकाकडून जुनी घेता येते का? आमच्या गावात एका म्हाताऱ्या मामाजीला विकायची आहे.

रानवाट

येते, पण घेणाऱ्याकडे परवाना आधी हवा, आणि त्यात त्या प्रकारच्या बंदुकीची मंजुरी हवी. विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकारी किंवा ठाण्याला लेखी कळवायचं, ४५ दिवस थांबायचं, मगच हस्तांतर. तोंडी व्यवहार करून बंदूक घरी आणली की दोघंही अडकतात. दुकानदारामार्फत केलं तर कागद नीट होतात.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागू शकते, हेही धरून चाला. ऐन चण्याच्या दिवसांत आचारसंहिता आली तर बंदूक तिकडं आणि डुक्कर इकडं. म्हणून ताई म्हणतात ते कुंपण आधी.

कारंजा_कास्तकार

ठरवलं आहे ते सांगतो. या हंगामात चण्याच्या पट्ट्यापुरतं सौर कुंपण, खालची तार वीतभर उंचीवर, आतून करडई. समितीकडे अर्ज देतोय. वनपरिक्षेत्र कार्यालयातही डुकरांबद्दलचा अर्ज देणार. चुलतभावाशी बोललो, दोघांचा धुरा एकत्र धरला तर तारेचं अंतर कमी होतं आणि गवत काढायला दोघं असतील. बंदुकीसाठी सोमवारी ठाण्यात जातो. आत्यांच्या सह्या लागतील, एक आत्या चंद्रपूरला असते.

मिर्ची_वाली_ताई

तार ताणायच्या आधी कोपऱ्याचे खांब काँक्रीटमध्ये घट्ट बसवा, मधले लाकडी चालतात. मशीनची अर्थिंगची सळई ओल्या जागेत ठोका, विहिरीजवळ उत्तम. कोरड्या मुरमात ठोकली तर झटका निम्माही बसत नाही. आणि मशीन, बॅटरी, पॅनल घराच्या नजरेत ठेवा, आमच्याकडे दोघांच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या.

दुनाळी

आत्यांच्या सह्या आधी घ्या, मग ठाण्यात जा. नाहीतर वर्ध्याला दोन खेपा होतील. आणि पावतीची झेरॉक्स काढा, मूळ पावती कोणाच्या हातात देऊ नका.